पाहुण्यांच्या दाराची किल्ली

बुधवार, २९ ऑक्टोबर

बीपी १५०/९४.

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. रोज सकाळी आकडा लिहायचा आणि दिवसभरात डोकं कशाने तापलं तेही लिहायचं. म्हटलं, डॉक्टर, दोनशे पानी वही पुरायची नाही. हसले नाहीत. नवीन आहेत, हसायला वेळ लागतो त्यांना.

तर डोकं कशाने तापतं? रविवारी पलीकडचे येणार. नदीच्या पलीकडचा फुटबॉलचा संघ आणि त्यांचे ते लाल मफलरवाले. वर्षातून एकदा आमच्या मैदानावर येतात आणि वर्षभराचं नुकसान करून जातात. खुर्च्या उपटतील, संडासाच्या कड्या काढून नेतील, भिंतीवर नको ते लिहितील. एकतीस वर्षं बघतोय. पाहुण्यांचं दार माझ्याकडे आहे. पाहुणे म्हणायचं ते आपलं बोलायची पद्धत म्हणून. त्यांच्या स्टँडचा जिना खाली उतरतो तिथे पत्र्याचं दुहेरी दार, कुलूप बाहेरून, किल्ली एकच आणि ती माझ्या खिशात. सामना संपला की त्यांना पंधरा मिनिटं आत ठेवायचं, तोवर आपली माणसं रस्त्यावरून पांगतात. पंधरा मिनिटं ते आतून पत्रा बडवतात. तीन ठोके आणि एक आरोळी, तीन ठोके आणि एक आरोळी. वेळ झाली की मी किल्लीने पत्र्यावर तीनदा वाजवतो, ते आतून तीनदा वाजवतात, मग मी उघडतो. हे कुणी ठरवलेलं नाही, तशी पद्धतच पडून गेलीय.

त्या गर्दीत आमचे व्याहीही असतात, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी लेक पलीकडे दिली तेव्हा लोक म्हणाले, अख्ख्या पृथ्वीवर दुसरं घर मिळालं नाही का? तसे व्याही भले आहेत. वेल्डर होते, आता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खिडक्या-जाळ्या फुकट दुरुस्त करत बसतात. सामन्याच्या दिवशी मात्र डोकं फिरतं त्यांचं. गेल्या वर्षी ते जिंकले, तर ह्या गृहस्थांनी दाराआडून मला फोन केला. "व्याहीबुवा, दार उघडा, माणूस गुदमरतोय!" माझ्या तोंडचं पाणी पळालं. चार मिनिटं आधीच कुलूप काढलं. बघतो तर आत सगळे दात काढून उभे. सेक्रेटरीसाहेबांनी मेमो दिला, एकतीस वर्षांतला पहिला. तेव्हापासून कानाला खडा.

रविवार, २ नोव्हेंबर

बीपी १५६/९६. दाराजवळच्या स्टुलावर बसून लिहितोय. पाहुणे आत घालून झाले, खेळ सुरू झालाय. मला खेळ दिसत नाही, नुसता ऐकू येतो. एकतीस वर्षांत एक गोल बघितलेला नाही, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

व्याही आले होते. हिने विणलेला राखाडी स्वेटर घालून आले. विणताना लोकर संपली म्हणून डाव्या मनगटाची पट्टी पांढऱ्या लोकरीची झालीय. हात वर करून दाखवला. "विहीणबाईंना सांगा, अंगात आहे बरं का. आणि तुम्ही आज रुमाल आणलाय ना? रडायला लागेल." म्हटलं, पुढे व्हा, रांग अडवू नका.

गोळीवाल्या बाईही आल्या. ह्या निवृत्त मास्तरीणबाई. दर वर्षी आत जाताना माझ्या हातावर एक पेपरमिंटची गोळी ठेवतात आणि म्हणतात, "ओरडून घसा बसलाय तुमचा." त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. एकदा एवढं मात्र विचारलं होतं, बाई, ह्या गुंडांत तुम्ही कशाला येता? तर म्हणाल्या, नवरा यायचा, त्याची खुर्ची रिकामी बघवत नाही. गोळी खिशात टाकली, घरी जाताना खाईन.

सोमवार, ३ नोव्हेंबर

चार माणसं गेली.

क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. शेवटच्या मिनिटाला त्यांनी गोल केला, आम्ही हरलो. पावणेसहाला सामना संपला. मी कुलूप ओढून बघितलं, घड्याळ बघितलं. बडवणं सुरू झालं, नेहमीचंच. थोड्या वेळाने धुराचा वास आला. पलीकडचे काही ना काही पेटवतातच. वॉकीटॉकीवर विचारलं तर सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "दंगा करताहेत, दार धरून ठेव." धरून ठेवलं. खिशात फोन थरथरायला लागला. काढून बघितला, व्याही. पुन्हा बघितला, पुन्हा व्याही. सात वेळा. म्हटलं जिंकलात, कळलं आम्हाला, आता जखमेवर मीठ चोळायचंय. नाही उचलला. सहाला किल्लीने तीनदा वाजवलं. आतून उत्तर आलं नाही. म्हटलं, जिंकल्यावर शहाणे झाले वाटतं. आणि उघडलं.

पुढचं लिहीत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बीपी १६८/१०२.

पेपरात पहिल्या पानावर सगळं आलंय. पलीकडच्यांचा धुडगूस. स्वतःच जाळपोळ केली, स्वतःच घाबरून जिन्यात पळाले, एकमेकांना तुडवलं. चारच्या चार त्यांचेच. जिन्याच्या वळणावर पंपखोली आहे, तिचं दार फोडून एक टोळकं आमच्या मैदानात घुसलं, त्याचा भला मोठा फोटो आहे. म्होरक्या पुढे, नाकातोंडाला लाल मफलर, दोन्ही हातांत कठड्याचा उपटलेला गज. एका मनगटाशी पांढरं काहीतरी दिसतंय. बँडेज असणार, आधीच कुठेतरी मारामारी करून आलेला. मी हिला म्हटलं, असल्या माणसाला भर चौकात उभा करून फोडला पाहिजे. चार जीव घेतले मेल्याने!

हिने चष्मा लावला, खिडकीपाशी नेऊन फोटो बघितला, खूप वेळ बघितला. मग पेपराची घडी केली आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली. म्हटलं, अगं रद्दीत टाक, जपून काय ठेवतेस? तिने कपाट लावलं. दुपारी खोलीचं दार लावून लेकीशी फोनवर बोलली. मी विचारलं तर म्हणाली, सगळे बरे आहेत. व्याह्यांनी त्यानंतर फोन केलेला नाही. सात वेळा करून हौस फिटली असेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सेक्रेटरीसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. बसायला खुर्ची दिली. एकतीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा बसलो. म्हणाले, "तू दार सोडलं असतंस तर ही टोळी गावात घुसली असती. तुझ्यामुळे शहर वाचलं." मला भरून आलं. मेमोचं काही मनात ठेवू नकोस असंही म्हणाले.

चौकशी बसणार आहे. माझा जबाब त्यांनी टाइप करूनच ठेवला होता. त्यात आहे, 'आतून मारामारीचे आवाज येत होते व दार फोडण्याच्या इराद्याने बडवले जात होते.' म्हटलं, साहेब, मी नेहमीचं बडवणं म्हटलं होतं. म्हणाले, "अरे तेच ते. ते लोक नेहमी दुसरं काय करतात?" खरंच आहे. सही केली.

घरी येऊन हिला सांगितलं, शहर वाचवलं म्हणतात मी. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गेलेल्या चौघांचे फोटो आज छापून आले. त्यात गोळीवाल्या बाई आहेत. दाराला लागून सगळ्यात खाली सापडल्या असं लिहिलंय.

म्हणजे मी उघडलं तेव्हा. मी तोंडं बघितली नव्हती. बघवली नव्हती.

कशाला आल्या त्या गुंडांत? एकदा सांगितलं होतं मी त्यांना, चांगलं तोंडावर सांगितलं होतं. घरी बसल्या असत्या, रेडिओवर ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं! संध्याकाळी ड्यूटीचा कोट धुवायला टाकायचा म्हणून खिसे रिकामे केले तर किल्लीबरोबर गोळी हाताला आली. मी रडलो. हे डोकं तापण्यात धरायचं की कशात, ते डॉक्टरांनी ठरवावं. कोट धुवायला दिला नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

लेक आली. एकटीच आली. चप्पलसुद्धा काढली नाही, दारातच उभी राहिली.

"अप्पांना काल पोलिसांनी नेलं."

अप्पा म्हणजे तिचे सासरे, म्हणजे आमचे व्याही. मी म्हटलं, काय केलं त्यांनी? तर ही आत गेली, कपाटातून पेपर आणला आणि माझ्यापुढे फोटो धरला. मनगटावर बोट ठेवून म्हणाली, "ही पट्टी माझी आहे. तुम्हाला नाही दिसली?"

मला खरंच दिसली नव्हती. गुंड म्हटल्यावर मी गुंड बघितला.

लेक म्हणाली, धूर पलीकडच्यांनी केलाच नाही. शेजारचा स्टँड आपला, तिथून आपल्याच लोकांनी धुराच्या पेटत्या नळकांड्या त्यांच्या जिन्याच्या तोंडावर फेकल्या. माणसं खाली पळाली. खाली दार बंद. वरून लोंढा थांबेना. अप्पा जिन्याच्या वळणावर अडकले होते. त्यांनी कठडा मोडून गज काढला आणि पंपखोलीचं दार फोडलं. दोनशे माणसं त्या दारातून बाहेर आली. त्यांचे दोन्ही तळहात सोलून निघालेत. पोलीस म्हणतात, दार फोडण्यासाठीच त्यांनी चेंगराचेंगरी घडवली. चार मरणांचा गुन्हा त्यांच्यावर लावणार आहेत.

"बोलत का नाहीत मग ते?" मी म्हटलं.

"काहीच बोलत नाहीत. नुसते बसून राहतात. पोलिसांनी विचारलं, मदतीसाठी कुणाला फोन केला होता का? तर नाही म्हणाले. त्यांचा फोन तिथेच कुठे तरी गेला." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला केला होता का हो त्यांनी फोन?"

मी नाही म्हटलं.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सोमवारी ह्याच घरात मी चिडून सांगितलं होतं, सात वेळा फोन केला म्हाताऱ्याने. हिने माझ्याकडे बघितलं आणि लेकीला म्हणाली, "चहा टाकते, घेऊन जा." लेक चहा न घेता गेली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बीपी १८२/११०. मशीन बिघडलं असं आधी वाटलं. हिचं घेऊन बघितलं, तिचं बरोबर येतंय.

फोनमधली यादी उघडली. पाच पन्नास, पाच एक्कावन्न, एक्कावन्नलाच पुन्हा एकदा, त्रेपन्न, चौपन्न, पंचावन्न, छप्पन्न. व्याह्यांचा फोन गेलाय, ते नाही म्हणून बसलेत. म्हणजे फोन कंपनीकडे कुणी मागितल्या नाहीत, तर जगात ह्या सात ओळी फक्त माझ्याकडे आहेत. पुसायच्या तर एक बोट पुरे. बोट ठेवलंही होतं. मग फोन उशीखाली सरकवला.

ही वही माझी आहे, इथे तरी खरं लिहावं. बडवणं नेहमीचं नव्हतं. पहिली दोन-तीन मिनिटं होतं. मग तीन ठोके आणि आरोळी हे मोडलं. नुसते तळहात वाजायला लागले, कसेही, वर, खाली, अगदी गुडघ्याच्या उंचीवर. आरोळ्या नव्हत्या, नावं घेऊन हाका होत्या. आणि मग ते कमी कमी होत गेलं. मी तिथे हातभर अंतरावर उभा होतो आणि घड्याळ बघत होतो. एकदा किल्ली कुलपापर्यंत नेली होती. मेमो आठवला. परत खिशात घातली.

जेवताना ही म्हणाली, "सात वेळा वाजला, अहो. एकदा तरी उचलायचा." एवढंच म्हणाली. मला भांडण हवं होतं, ती भांडलीच नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

साहेबांकडे गेलो. म्हटलं, जबाब बदलायचाय, आवाज वेगळा होता. ह्या वेळी खुर्ची दिली नाही.

"दार कुणी उघडलं नाही?"

"मी."

"मग व्याही सुटला तर अडकणार कोण, एवढं कळतं ना तुला? आणि क्लबाचं नाव जाईल ते वेगळंच. त्या लोकांना तसंही कुणी भलं म्हणत नाही. एकाने त्यात भर घातली तर काय फरक पडतो?"

मी म्हटलं, बरं साहेब. तोंडातून आपसूक निघतं ते.

बाहेर पडल्यावर सवयीने पाहुण्यांच्या दाराकडे गेलो. त्याला आता पोलिसांचं कुलूप आहे, माझी किल्ली लागत नाही. पत्र्यावर आतून उठलेले पोचे बाहेर दिसतात. एकतीस वर्षांचे पोचे वरच्या बाजूला आहेत, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. खालचे नवे आहेत. पत्र्याच्या अगदी तळाशीही दोन आहेत.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज चौकशी झाली. न्यायाधीशबाई होत्या, वयाने माझ्याएवढ्या, आवाज हळू. साहेब पहिल्या रांगेत बसले होते. व्याह्यांना एका बाजूला बसवलं होतं, दोन्ही हातांना पट्ट्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. लेक मागे होती.

माझा जबाब वाचून दाखवला आणि बाईंनी विचारलं, हा तुमचाच ना? मी खिशातून फोन काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, सही माझी आहे, बाकी ह्यात बघा. बसू का विचारलं. त्यांनी बसा म्हटलं.

सातही फोनच्या वेळा वाचून झाल्यावर म्हणाल्या, "का उचलला नाहीत?"

मी गेल्या वर्षीची थट्टा सांगितली, मेमो सांगितला. माझ्याच कानांना ते इतकं पोरकट वाटलं की मध्येच थांबलो. त्या म्हणाल्या, फोनचं राहू द्या. आवाज बदललेला तुम्हाला कळला होता ना? म्हटलं, कळला होता. किती मिनिटं आधी? म्हटलं, दहा-बारा.

"दहा-बारा मिनिटं तुम्हाला कळत होतं. आत तुमच्या गावची माणसं असती तर उघडलं असतंत?"

"हो."

"मग ह्यांना का नाही?"

मी म्हटलं, "पलीकडचे होते, बाई."

लिहून घेणाऱ्याने मान वर केली. त्याला ऐकू गेलं नव्हतं. मला परत मोठ्याने सांगावं लागलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

व्याह्यांना परवा सोडलं. माझ्यावर काय लावायचं ते ठरायचंय. वकील म्हणतो दोन वर्षं, कदाचित तीन. क्लबाने पत्र पाठवून काढून टाकलं. साहेबांनी चौकशीत सांगितलं की दार उघडायचं की नाही हा सर्वस्वी दरवानाचा निर्णय असतो. काल कुणीतरी आमच्या दारावर नको ते लिहून गेलं. आपल्याच गावचं कुणीतरी. ही सकाळपासून घासत होती.

दुपारी नदी ओलांडून लेकीकडे गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घरात शिरताना मला भीती वाटली. व्याही ओट्यावर बसले होते. स्वेटर नव्हता अंगात, पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलाय. मला बघून सरकले, जागा केली. मी बसलो.  मग मी म्हटलं, पोलिसांना फोनचं का नाही सांगितलंत? सांगितलं असतंत तर तिथेच सुटला असतात.

"काय सांगणार?" ते म्हणाले. "गेल्या वर्षी माणूस गुदमरतोय म्हणून मीच तुम्हाला फसवलं होतं. ह्या वर्षी खरंच गुदमरत होता. तुम्ही उचलला नाहीत ह्यात माझाही वाटा आहे."

मी म्हटलं, असं म्हणू नका. ते पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघत राहिले.

"सातवा मी नव्हता केला," ते म्हणाले.

मला समजलं नाही. म्हटलं, नंबर तुमचाच होता.

"फोन माझा. बाई माझ्या खाली दोन पायऱ्यांवर होत्या, मास्तरीणबाई. मला वाटलं, माझ्या आवाजाला तुम्ही परत थट्टा समजाल. म्हणून नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, बाई, तुम्ही बोला, तुमचं ऐकतील ते. मग लोंढा आला, त्या खाली दाराकडे गेल्या आणि मी गज ओढायला लागलो." मग म्हणाले, "रिंग वाजत होती. फोन कानाला लावून मला खालून म्हणाल्या, काळजी करू नका, उचलतील. चांगले आहेत ते."

लेकीने पाणी आणून ठेवलं. मी ते प्यायलो. मग परत आलो.

आज बीपी घेतलं नाही. गोळी अजून कोटाच्या खिशातच आहे.